चिमूटभर सुंठ

आषाढ संपत आला होता. वसई तालुक्यातील निर्मळ गावाजवळच्या एका वाडीत चार दिवस पावसाने मुक्काम ठोकला होता. केळींची पाने वाऱ्याने फाटून लोंबत होती आणि वाडीमागचे बावखल काठोकाठ भरले होते. वसईच्या भागात बागायतीला पाणी देण्यासाठी खोदलेल्या तळ्याला बावखल म्हणतात.

त्या रात्री घरातील आजोबांना खोकल्याची उबळ आली. उबळ थांबेना, झोप लागेना. आजी त्यांच्या उशाशी बसली होती. तिने बारा वर्षांच्या नातीला हाक मारून सांगितले, "बाळ, दूध गरम कर, त्यात चिमूटभर सुंठ घाल आणि लवकर घेऊन ये."

नात स्वयंपाकघरात गेली. फळीवरचा सुंठीचा डबा तिने उघडला. डबा रिकामा! दुकान केव्हाच बंद झाले होते. मग तिच्या मनात विचार आला, "सुंठ म्हणजे वाळलेले आलेच ना? मग ओले आले घातले तर काय बिघडले?" टोपलीत आल्याचा एक ठसठशीत तुकडा होता. तिने तो सोलला, किसला आणि कोमट दुधात टाकून पातेले मंद आचेवर ठेवले. थोड्याच वेळात पाहते तो काय! दूध फाटले होते. वर पिवळसर पाणी आणि खाली गुठळ्या. घरात दूध होते ते तेवढेच.

नातीचे डोळे भरून आले. ती पातेले तसेच घेऊन आजीपुढे उभी राहिली. आजी रागावली नाही. ती म्हणाली, "अगं, तुझा विचार निम्मा बरोबर होता. आले आणि सुंठ एकाच घरची खरी; पण दोघींचे स्वभाव वेगळे." मग तिने उरलेला आल्याचा किस पाण्यात उकळला, गाळून घेतला आणि त्यात गूळ विरघळवून तो कढत काढा आजोबांना दिला. त्यांच्या घशाला ऊब मिळाली आणि त्यांचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे औषध सुरू झाले व दोन-तीन दिवसांत खोकला ओसरला.

तेव्हा आजोबा हसत म्हणाले, "आजवर ही म्हण नुसती ऐकत होतो, आता अनुभवली. सुंठीवाचून खोकला गेला!"

"खोकला गेला, आजोबा," नात म्हणाली, "पण दूधही गेले!"

काही खटपट न करता एखादे संकट आपोआप टळले, म्हणजे आपण ही म्हण वापरतो. परंतु ह्या घरात सुंठीवाचून दूध गेले होते आणि ते का गेले, हा प्रश्न नातीच्या मनातून जाईना.

ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर शब्दांतच दडलेले आहे. आल्याला संस्कृतात 'आर्द्रक' म्हणतात. आर्द्र म्हणजे ओले. प्राकृत भाषेत 'आर्द्र' शब्दाची 'अल्ल' आणि 'ओल्ल' अशी रूपे झाली. त्यामुळे मराठीतील 'आले' आणि 'ओले' हे शब्द जणू सख्खे भाऊच आहेत. 'सुंठ' हा शब्द संस्कृत 'शुण्ठी' ह्या शब्दापासून आला आणि शुण्ठीच्या मुळाशी वाळण्याचा अर्थ आहे. एक ओले आणि दुसरी वाळलेली! एकाच वस्तूला आपल्या पूर्वजांनी दोन स्वतंत्र नावे दिली, कारण वाळल्यानंतर ती वस्तू पूर्वीची राहत नाही, हे त्यांनी जिभेने ओळखले होते.

जिभेने जे ओळखले, त्याचे कारण पुढे रसायनशास्त्राने शोधून काढले. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः 'जिंजेरॉल' नावाच्या द्रव्यामुळे असतो. आले वाळू लागले, म्हणजे ह्या द्रव्याच्या काही भागातून पाण्याचा अंश निघून जातो आणि त्याचे 'शोगाओल' नावाचे दुसरे द्रव्य बनते. जपानी भाषेत आल्याला 'शोगा' म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. शोगाओल हे जिंजेरॉलपेक्षा अधिक तिखट असते. म्हणून सुंठीचा एक कण जिभेवर ठेवला तर प्रथम काहीच वाटत नाही आणि मग घशापर्यंत ऊब पसरत जाते. आले शिजविले किंवा भाजले, की जिंजेरॉलपासून 'झिंजेरोन' नावाचे तिसरे द्रव्य तयार होते. ते सौम्य व किंचित गोडसर वासाचे असते. ओले, वाळलेले आणि शिजलेले अशी आल्याची ही तीन रूपे आहेत आणि तिन्हींची चव निराळी आहे.

मग दूध का फाटले? ताज्या आल्यात एक विकर असते. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. आल्यातील हे विकर दुधातील प्रथिनांचे तुकडे करते आणि त्यामुळे दूध घट्ट होते किंवा फाटते. उकळत्या पाण्याच्या उष्णतेने ह्या विकराचा जोर नाहीसा होतो. म्हणूनच जाणत्या गृहिणी चहा करताना आले आधी पाण्यात चांगले उकळतात आणि दूध मागाहून घालतात. आले वाळवून साठविले, की ह्या विकराची शक्ती बहुतांशी लोपते. दुधात, खिरीत व बासुंदीत सुंठ चालते, परंतु कच्चे आले चालत नाही, ते ह्याच कारणामुळे. आजीने विकराचे नाव कधी ऐकले नव्हते. पण काय चालते व काय चालत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

आल्याचे झाड हातभर ते कमरेएवढे वाढते. त्याची पाने लांबट व निमुळती असतात. हळद आणि वेलदोडा ही त्याचीच भावंडे. पुष्कळ लोक आल्याला मूळ समजतात. परंतु ते मूळ नसून जमिनीत आडवे वाढणारे खोड आहे. बोटे फुटल्यासारखा त्याचा आकार असतो. त्याला बी धरत नाही. डोळे असलेला तुकडा जमिनीत पुरला, की त्यातूनच नवे झाड उगवते. अशा तुकड्यांना शेतकरी बेणे म्हणतात. वैशाख-ज्येष्ठात बेणे लावले, तर सहा-सात महिन्यांत ओले आले काढता येते. सुंठ करावयाची असेल, तर मात्र आठ-नऊ महिने थांबावे लागते. पाने पिवळी पडून वाळू लागली, म्हणजे आले पुरते पिकले असे समजावे. कोवळ्या आल्यात पाणी अधिक असते; त्याची सुंठ सुरकुतते व हलकी भरते.

आले फार जुन्या काळीच भारतातून पाश्चात्त्य देशांत पोहोचले. त्याला संस्कृतात 'शृंगवेर' असेही नाव आहे. ह्याच नावाचे भाऊबंद ग्रीक भाषेत 'झिंगिबेरिस' व लॅटिन भाषेत 'झिंगिबेर' झाले आणि पुढे इंग्रजीत 'जिंजर' झाले. रोमन लेखक प्लिनी ह्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आल्याचा उल्लेख केलेला आहे. त्या काळी वसईजवळचे सोपारा हे गजबजलेले बंदर होते आणि तेथील नाव पाश्चात्त्य खलाशांनाही माहीत होते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या समुद्रप्रवासात ओले आले कुजून तरी गेले असते किंवा त्याला कोंब तरी फुटले असते. वाळलेली सुंठ मात्र हलकी आणि टिकाऊ. आले आपल्या मळ्यापासून दूर जाऊ शकले, ते सुंठीच्या रूपाने!

पुढे १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. पोर्तुगीजांना मसाल्यांच्या व्यापाराचे मोठे आकर्षण होते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता ह्याने भारतातील औषधी वनस्पतींवर एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्या ग्रंथात आल्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

वसईची माती व पाणी बागायतीला अनुकूल. केळी, पानवेली, ऊस, फुले आणि भाजीपाला ह्यांच्या वाड्यांसाठी हा प्रदेश प्रसिद्ध झाला. त्या वाड्यांत आल्याचे वाफेही असत. पदार्थ वाळवून टिकविण्याची कला तर वसईकरांच्या हाडीमाशी खिळलेली आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवितात व त्यांची मधासारखी गोड सुकेळी करतात. आज शहर वाढले आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. अनेक वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि कित्येक बावखले बुजली. तरीही पश्चिमेकडील गावांतून अजून हिरव्या वाड्या दिसतात आणि अशाच एका वाडीच्या कोपऱ्यात आजीचा आल्याचा वाफा होता.

त्या वर्षीचा नाताळ आला. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत होते. तेथील मावशींनी दरवर्षीप्रमाणे केक आणि करंज्यांचे ताट पाठविले. नातीने केकचा घास घेतला आणि ती एकदम थांबली. मनुका व गूळ ह्यांच्या गोडीमागून एक ओळखीची ऊब घशात उतरत होती. ती धावतच शेजारी गेली व म्हणाली, "मावशी, केकमध्ये सुंठ आहे ना?"

मावशींना मोठे कौतुक वाटले. त्या म्हणाल्या, "बरोबर ओळखलेस, पोरी! पाव किलो मैद्याला लहान चमचाभर सुंठपूड पुरते. ती मैद्याबरोबर दोनदा चाळून घ्यावी, म्हणजे सगळीकडे सारखी पसरते. नाही तर एका घासात सुंठच सुंठ आणि दुसऱ्यात तिचा पत्ताच नाही!" भट्टी नव्हती, तेव्हा त्यांची आई मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात केकचा डबा ठेवीत असे, हेही त्यांनी सांगितले. सुंठीची ही गोडाशी असलेली मैत्री दूरदेशीही जुनी आहे. इंग्लंडमध्ये 'जिंजरब्रेड' नावाचा सुंठ घातलेला गोड पदार्थ मध्ययुगापासून करतात.

नातीने विचारले, "मावशी, किसलेले आले घातले तर?"

"तोही एक केक होईल," मावशी म्हणाल्या, "पण तो हा केक नव्हे. ओल्या आल्याचा वास लिंबासारखा उडता असतो, सुंठीचा वास खोलवर मुरतो. शिवाय ओल्याचे पाणी पिठात उतरते, ते वेगळेच."

पौषाच्या अखेरीस वाफ्यातील पाने पिवळी पडली. आजी व नात ह्यांनी मिळून आले खणून काढले. चांगले धुतल्यावर ते पाच किलो भरले. आजीने बांबूची एक चपटी काडी तासून धार केली व नातीच्या हाती दिली. "साल वरचेवर खरवड," ती म्हणाली, "खोल जाऊ नकोस. सुवास सालीच्या लगतच असतो." लोखंडी सुरीने आले काळे पडते, म्हणून ही बांबूची काडी. खरवडलेले तुकडे पुन्हा धुऊन स्वच्छ चटईवर पसरले. रोज सकाळी ते उन्हात ठेवावयाचे, दुपारी उलटावयाचे आणि दव पडण्यापूर्वी घरात आणावयाचे, हे काम नातीकडे आले. एके दिवशी खेळाच्या नादात ती विसरली आणि तुकडे रात्रभर दवात भिजले. दुसऱ्या दिवशी दोन तुकड्यांवर पांढरी बुरशी दिसली. ते टाकून द्यावे लागले. त्यानंतर मात्र ती एकदाही विसरली नाही.

दहा दिवसांनी तुकडे दगडासारखे कठीण झाले व एकमेकांवर आपटले की टणटण वाजू लागले. तिने ते तोलून पाहिले, तर किलोभरसुद्धा भरेनात! तिचे तोंड उतरले.

"पाच किलोंचे एवढेच, आजी?"

"वजन पाण्याचे होते," आजी म्हणाली, "ते उडून गेले. आपल्याला हवे होते ते सगळे आत आहे."

आणि ते खरेच होते. ओल्या आल्यात चार पंचमांश भाग पाणीच असते. म्हणून सुंठपूड ओल्या आल्याच्या मानाने फार थोडी लागते. मोठा चमचाभर किसलेल्या आल्याऐवजी पाव लहान चमचा पूड पुरते.

आजीने सर्व सुंठ एकदम कुटू दिली नाही. सुंठीचा सुवास तिच्यातील उडून जाणाऱ्या तेलात असतो. अखंड तुकड्यात ते तेल सुरक्षित राहते; पूड केली, की वाऱ्याबरोबर हळूहळू निघून जाते. म्हणून तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि लागेल तेवढीच पूड करावी. प्रथम खलबत्त्यात ठेचावी, मग दळावी आणि वस्त्रगाळ करावी, म्हणजे तंतू निघून जातात. बाजारातून सुंठ घेतानाही हाताला जड लागणारी, मोडल्यावर सुवास देणारी व कीड न लागलेली पाहून घ्यावी. केवळ पांढरीशुभ्र दिसते म्हणून भुलू नये. काही वेळा सुंठीला चुन्याचे पाणी लावून पांढरी केलेली असते.

मराठी घरात सुंठीचे वर्षभराचे वेळापत्रकच ठरलेले आहे. थंडीत डिंकाच्या लाडवांत ती हवीच. उन्हाळ्यात आमरसावर तुपाची धार आणि चिमूटभर सुंठ घालण्याची रीत आहे. काही घरी पुरणात जायफळ-वेलदोड्याबरोबर ती घालतात. पावसाळ्यात गूळ, तूप आणि सुंठ ह्यांची गोळी करून सकाळी खातात. तूप आणि सुंठ ही जोडी उगीच जमलेली नाही. सुंठीतील तिखट द्रव्ये पाण्यापेक्षा तुपात व तेलात चांगली विरघळतात. तुपाबरोबर तिची चव पदार्थभर पसरते आणि तिखटपणा जिभेला बोचत नाही. कोठेही असो, मात्रा मात्र चिमटीचीच! चिमटीने सुंठ पदार्थाला खुलविते. मुठीने घातली, तर त्याला कडवट करून टाकते.

चैत्रात रामनवमी आली. त्या दिवशी प्रसादाला सुंठवडा करतात. सुके खोबरे भाजून कुटावे, त्यात पिठीसाखर, भाजलेली खसखस व सुंठपूड मिसळावी, की सुंठवडा तयार होतो. ह्या वर्षी तो नातीने केला. स्वतः वाळविलेली सुंठ तिने स्वतः कुटली, गाळली आणि मावशींनी केकच्या पिठाविषयी सांगितले होते, त्याप्रमाणे ती साखरेबरोबर दोनदा चाळून घेतली. दुपारी पहिली वाटी भरून ती शेजारी घेऊन गेली. मावशींनी चिमूटभर सुंठवडा तोंडात टाकला आणि क्षणभराने त्या म्हणाल्या, "दोनदा चाळलीस वाटते!"

पुन्हा आषाढ आला. पुन्हा पावसाने मुक्काम ठोकला आणि एका रात्री आजोबांना खोकला आला. ह्या वेळी कोणी हाक मारण्यापूर्वीच नात उठली. तिने दूध उकळले, बरणीतील सुंठीचा लहानसा तुकडा सहाणेवर उगाळला आणि ते चाटण दुधात मिसळले. आजोबांनी पेला हाती घेऊन विचारले, "काय गं, आज दूध शाबूत आहे ना?"

"आहे, आजोबा," ती म्हणाली, "आज सुंठ आहे."

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) बावखल म्हणजे काय?
(आ) आल्याचा जमिनीतील भाग मूळ का नव्हे?
(इ) पाच किलो आल्याची सुंठ किलोभरही का भरली नाही?

२. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) नातीचा विचार 'निम्मा बरोबर' होता, असे आजी का म्हणाली?
(आ) आल्यापासून सुंठ कशी तयार करतात, ते क्रमाने लिहा.
(इ) सुंठीमुळे दोन शेजारघरांत कोणती देवाणघेवाण झाली?

३. कारणे द्या :
(अ) सुंठीची पूड लागेल तेवढीच करावी.
(आ) चहात आले आधी पाण्यात उकळतात.
(इ) केकच्या मैद्याबरोबर सुंठपूड चाळून घ्यावी.

४. 'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण ज्या प्रसंगी वापरता येईल, असा एक प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहा.

५. वाक्यांत उपयोग करा : मुक्काम ठोकणे, हाडीमाशी खिळणे, तोंड उतरणे, डोळा लागणे.

६. उपक्रम : तुमच्या घरी कोणकोणते पदार्थ वाळवून साठवितात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची यादी करा. वाळविल्यावर प्रत्येकाच्या चवीत कोणता फरक पडतो, ते यादीत नोंदवा.